कुंदाची पिशवी

“पिशवी काढून टाका. नाहीतर पुढं कॅन्सर होतो,” असं डॉक्टर म्हणाले आणि माझी आई उठून बाहेर गेली. घडलं ते एवढंच. जुलै महिना, बेळगावचा पाऊस, म्हणजे पडतोय की नुसता हवेत लोंबकळतोय ते कळू न देणारा. जनावरांच्या त्या दवाखान्यात ओल्या कुत्र्यांचा, फिनेलचा आणि वाळत घातलेल्या छत्र्यांचा मिळून एक वास. आईच्या मांडीवर वेताची टोपली, टोपलीवर तिचाच जुना टॉवेल, टॉवेलखाली आमची कुंदा. आईनं टोपली अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि काचेचा दरवाजा ढकलून ती पायरीवर जाऊन उभी राहिली. आज्जींना कोंदट झालं असेल असं वाटून डॉक्टरांनी पंखा वाढवला. त्यानंतर ते जे काही बोलले, किती खर्च, टाके कसले, किती दिवस जपायचं, ते सगळं माझ्या कानावरून गेलं. मला काचेपलीकडे फक्त आईची पाठ दिसत होती आणि तिच्यापुढं टिळकवाडीच्या ओल्या रस्त्यावरचे रिक्षांचे लाल दिवे.

हे वाक्य तिनं आधी एकदा ऐकलं होतं. शब्दाला शब्द.

कुंदा आमच्याकडे आली तेव्हा ती ‘तो’ होती. लेकीच्या मैत्रिणीकडे, अनगोळात, सशांची एक जोडी होती आणि बघता बघता त्या जोडीचे अकरा झाले. त्यातला एक “नर आहे काकू, काही टेन्शन नाही” असं सांगून चपलांच्या खोक्यात घालून आमच्या हातात दिला. रंग अगदी कढईतून नुकत्याच उतरवलेल्या कुंद्याचा, म्हणून नाव कुंदा. आमच्याकडची मिठाई पुल्लिंगी, तेव्हा नराला ते शोभलंही. चार महिन्यांनी नखं कापायला नेलं तर दवाखान्यातल्या पोरानं चिठ्ठी लिहिताना विचारलं, “गंडो, हेण्णो?” लेक ऐटीत म्हणाली, गंडु. त्यानं ससा उताणा करून बघितला आणि हसत हसत खोडून पुन्हा लिहिलं. बाहेर आल्यावर लेकीनं चिठ्ठी वाचून दाखवली: “मोल, हेण्णु.” माझी आई निपाणीकडची, मराठी शाळेत चौथी झालेली, तिला कन्नड अक्षर लागत नाही. ती म्हणाली, “मोल किती म्हणे?” कन्नडमध्ये सशालाच मोल म्हणतात हे तिला समजावेपर्यंत रिक्षा शहापूरला पोचली. तर असा तो कुंदा ती कुंदा झाली, आणि नाव बदलायचीही गरज पडली नाही. माझा निपाणीचा मामेभाऊ तेवढा खो खो हसला. काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही तणं खणून काढताना त्याची अर्धी हयात गेली. “लोक रानातनं कुंदा काढत्यात आणि तू घरात आणून लावलीस,” म्हणाला. वर, “मुळासकट काढल्याबिगर जात नसतीय हां ती.” तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो.

यंदाच्या जूनमध्ये, पावसानं जरा सूर धरल्यावर, कुंदाचं वागणं बदललं. एरवी मांडीवर येणारी ती, हात पुढं केला की घुर्र करून पंजा मारायला लागली. मग एका सकाळी भाताचं पिंजर तोंडात आडवं धरून ती खोलीभर फिरताना दिसली. दोन्ही बाजूंनी काड्या बाहेर आलेल्या, जणू भरघोस मिशांचा कुणी जुना फौजदार. कपाटामागच्या कोपऱ्यात तिनं ते पिंजर रचलं, पुन्हा आली, पुन्हा घेऊन गेली. दुपारी तिनं स्वतःच्या गळ्याखालचे केस उपटायला सुरुवात केली. त्याला एक आवाज असतो. फार बारीक, कापूस पिंजताना बोटांना जाणवतो तसा. झुपकेच्या झुपके उपटून ती त्या पिंजरात खोचत होती आणि गळ्याखाली गुलाबी कातडं उघडं पडत होतं. मी घाबरले. आई दारात उभी राहून बघत होती, ती नुसती म्हणाली, “बाळंतिणीची खोली करूलालीय ती. जाऊ नको जवळ.” मग वाकळ शिवायला बाजूला ठेवलेल्या इरकलीच्या मऊ लुगड्याचा एक पट्टा तिनं टरकावला आणि जमिनीवरून सरकवत कुंदाच्या पुढ्यात नेऊन ठेवला. कुंदानं तो ओढून आत घेतला.

पिल्लं होणार नव्हती. घरात दुसरा ससा नव्हता. सशीण गाभण नसताना सगळी तयारी करते. सोळा-अठरा दिवस तिच्या अंगाला खरंच वाटत असतं की आपण गाभण आहोत. हे मी मोबाइलवर वाचून आईला सांगितलं. आईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. देव्हाऱ्यातल्या गणपतीला आणलेल्या दूर्वांच्या जुड्यांमधली एक रोज कपाटामागं जाऊ लागली. सतराव्या दिवशी कुंदा बाहेर आली, पाय पसरून लादीवर पडली आणि त्या घरट्याकडे तिनं पुन्हा बघितलंही नाही. कोपरा झाडताना ती सगळी लोकर आईनं वर्तमानपत्रात बांधली. फेकायची म्हणून बांधली असणार. पुडी अजून कपाटावर आहे.

त्यानंतर दोन आठवड्यांनी खालच्या कागदावर लाल डाग दिसले. आईचा अंदाज, पाळी आली असेल. त्या संध्याकाळी आम्ही टोपली घेऊन गेलो ते त्यासाठी. डॉक्टर तरुण, मूळचे धारवाडकडचे, मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला कन्नडचा हेल. त्यांनी लघवीत पट्टी बुडवून बघितली आणि सांगितलं, रक्त नाही. खाण्यातल्या पाल्यानं कधीकधी लघवीला असा रंग येतो. आणि सशाला पाळी नसतेच. तिचं बीज दर महिन्याला सुटत नाही, नराशी संग झाला की मगच सुटतं. “पाळीच नाही?” आई म्हणाली. “नशीबवान हाय.” डॉक्टर हसले. म्हणून सशाच्या लघवीत खरं रक्त दिसलं तर ते कधीच साधं नसतं, बहुतेक वेळा पिशवीतून आलेलं असतं, असं ते म्हणाले. आणि मग ते वाक्य.

१९८६ साली आई चौतीस वर्षांची होती. मी नऊची. तिला अंगावरून जास्त जायचं, तंबाखूच्या वखारीत दिवसभर उकिडवं बसून पाला निवडायचा, आणि मधेच उठून मागं जायचं तर मुकादम घड्याळ बघायचा. तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरनं पोटाला हात लावून सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होतो. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं. आदल्या रात्रीपासून तिला पाण्याचा घोट दिला नव्हता हे तिला अजून आठवतं, कारण शेजारच्या खाटेवरच्या बाईला कुणीतरी उसाचा रस आणला होता. मी तेव्हा आत्याकडे. परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या अंगाला वखारीच्या तपकिरीऐवजी स्पिरिटचा वास येत होता. पुढच्या वर्षापासून तिला रात्री घाम फुटायला लागला, हाडं दुखायला लागली, कंबर गेली. खूप वर्षांनी बेळगावात एका डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले. काढलेल्या पिशवीची तपासणी केल्याचा एकही कागद नव्हता. बीजकोश का काढले तेही कुठं लिहिलेलं नव्हतं. बाईंनी फाइल मिटली आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

२०१९ साली बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा आमच्या घरी त्या मोठ्यानं वाचल्या गेल्या नाहीत. तिकडच्याच टोळ्या दर हंगामात आमच्या चिकोडी-निपाणीच्या कारखान्यांनाही येतात. पाचटाच्या खोपी, डोक्यावर मोळ्या, सगळं आईच्या डोळ्यांपुढचं. तिनं पेपरची घडी घातली आणि त्यावर मेथी निवडायला घेतली.

तर एकच वाक्य. माझ्या आईला सांगितलं तेव्हा ते खरं होतं की नाही हे आता कुणालाच सांगता येणार नाही. सशाच्या बाबतीत मात्र ते खरं आहे, आणि माझी पंचाईत ही होती. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते. काही ठरवायचं म्हटलं की माझ्या हातून आपोआप वहीत मधोमध रेघ ओढली जाते. डावीकडे लिहिलं: पिशवी न काढलेल्या माद्यांत वय वाढेल तसा पिशवीचा कॅन्सर वाढत जातो, चार वर्षांपुढं निम्म्याहून जास्त, काही जातींत ऐंशी टक्क्यांपर्यंत, तो फुप्फुसात उतरतो, आणि ससा दुखणं लपवतो, म्हणून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. उजवीकडे लिहिलं: ब्रिटनमधली एक मोठी पाहणी, २००८ साली छापलेली. भूल दिल्यावर कुत्री दगावतात ०.१७ टक्के, मांजरं ०.२४, ससे १.३९. म्हणजे बहात्तरातला एक. निरोगी सशांचा आकडा वेगळा काढला तर ०.७३, म्हणजे एकशे सदतीसातला एक. सशाचा घसा इतका अरुंद की भुलेची नळी घालणं कठीण. आणि ऑपरेशन चांगलं होऊनही ससा दुखण्यानं खायचा थांबला तर त्याचं आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की एक-दोन दिवसांत खेळ संपतो. रेघेच्या दोन्ही बाजूंची बेरीज मी चारदा केली. हिशेब सरळ होता, एखाद्या कर्जदाराचा असता तर मी दोन मिनिटांत सही केली असती. पण डावीकडचं मरण तीन-चार वर्षांनी येणारं आणि कुणाच्या हातून न घडलेलं. उजवीकडचं ह्या शनिवारी, माझ्या सहीनं.

मतं द्यायला सगळे होते. नवऱ्याचं म्हणणं, निसर्गावर सोड. मला ह्या ‘निसर्गा’चा जरा रागच येतो. कुठला निसर्ग? खानापूरच्या जंगलात रात्री गाडीच्या उजेडात आडवा जाणारा आपला ससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. आमची कुंदा युरोपातल्या बिळातल्या सशांच्या वंशाची. त्यांची पिल्लं उघडी-नागडी, आंधळी जन्मतात, म्हणून तर तो लोकर उपटण्याचा खटाटोप. मराठीत दोन्ही ससेच, कन्नडमध्ये दोन्ही मोलच, म्हणून आपली फसगत होते. बिळातली सशीण चार वर्षं जगतेच कुठं? कोल्हा, ससाणा, कुणीतरी आधीच उचलतो. तिला कॅन्सरपर्यंत पोचवलं ते आमच्या पंख्यानं, पिंजरानं आणि कोथिंबिरीनं. एवढं सगळं बोलून झाल्यावर नवरा म्हणाला, “मग काढ की.” त्यावरही मला राग आला. लेकीनं इंटरनेटवर टाके घातलेल्या सशाचा फोटो बघितला आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मी झोपतो तिच्याजवळ, ऑपरेशन झाल्यावर.” (आमच्या मुली ‘मी झोपतो, मी जातो’ म्हणतात. पुण्याची नणंद दरवेळी तिला सुधारते. मी मुद्दाम सुधारत नाही.) आणि शेजारच्या अक्का, ज्यांच्याशी मी हा विषय कुंपणावरून महिनाभर घोळवला, त्या शेवटी कंटाळून म्हणाल्या, “नानु हिडिद मोलक्के मूरे कालु.” मी धरलेल्या सशाला तीनच पाय. हट्टी माणसाबद्दलची म्हण आहे ती. मी म्हटलं, अहो, मी काहीच धरून बसलेली नाही, तोच तर प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, “तेच धरून बसलीयेस.”

आईला मात्र मी विचारलं नव्हतं. विचारायचं धाडस नव्हतं म्हणा. एका रात्री वही तशीच उघडी टाकून मी पाणी प्यायला उठले, परत आले तर ती चष्मा लावून वाचत होती. डावी बाजू वाचून झाल्यावर तिनं बोट ठेवलं. “हे खरं असतंय व्हय?”

“सशांत खरं आहे.”

“आणि माझ्यात?”

मी काही बोलले नाही. बाहेर पन्हळीतून पाणी गळत होतं आणि कुंदा दात चोळत बसली होती, मांजर गुरगुरावं तसं. खूश असली की करते. आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तुला एवढं शिकून, वहीत लिवून महिना झाला कळंना. मला पंधरा दिवसांत काय कळणार हुतं.” त्यात माझ्यावर राग नव्हता. वडिलांवरही नसावा. जुन्या पावतीवरची रक्कम पुन्हा वाचावी तसा आवाज. थोड्या वेळानं तिनं विचारलं, आदल्या रात्री उपाशी ठेवायचं काय तिला? मी सांगितलं, नाही, उलट शेवटपर्यंत खायला द्यायचं. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे भुलेत उलटी होण्याची भीती नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर तेच वाईट. आईनं मान हलवली. ह्या एका गोष्टीनं तिचं बरंचसं ठरलं असं मला आजही वाटतं, जरी वहीत ती ओळ कुठल्याच बाजूला नव्हती.

“मी येतो संगं,” ती म्हणाली. “पण त्याला सांग, काढल्यावर मला दाखवायचं.”

१९८६ साली स्टीलच्या ट्रेमध्ये घालून ती वडिलांना दाखवली होती. दाखवायची पद्धतच असते तशी, नातेवाइकांना. आईला नव्हती दाखवली. तिनं नंतर वडिलांना विचारलं, केवढी होती? ते म्हणाले, मुठीएवढी, आणि उठून वखारीत गेले. त्यांच्याशी ह्यावर पुन्हा बोलणं झालं नाही, आणि आता ते नाहीत.

शनिवारी सकाळी कुंदानं मूठभर कोथिंबीर आणि मेथीची अर्धी जुडी खाल्ली. दवाखान्यात पोचेपर्यंत टोपलीत चावण्याचा आवाज चालूच होता. डॉक्टरांनी आधीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं की कुत्री-मांजरं त्यांनी शेकड्यांनी केलीत, पण सशाचं हे त्यांच्या हातचं चौथं. मी सही केली. सही करताना हात कापला वगैरे नाही. ते सगळं आधीच्या महिन्यात कापून झालं होतं. तासाभरानं दार उघडलं आणि दवाखान्यातला पोरगा बाहेर येऊन आईला म्हणाला, “अज्जी, या.” मीही मागून गेले.

ट्रे लहानच होता. आईनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला, लावला आणि वाकून बघितलं. फिकट गुलाबी, ओल्या दोरीसारखं काहीतरी, दोन फाट्यांचं, मधे चरबीचे पिवळट पापुद्रे.

“ह्या दोन हायत?”

“हो अज्जी. सशाला दोन असतात. वेगवेगळ्या. दोघींची तोंडं पण वेगळी.”

“आणि गाठ?”

“काही नाही. एकदम चांगली होती.”

“चांगली होती,” आई म्हणाली.

डॉक्टरांना त्या दोन शब्दांतलं काही टोचलं असावं. ते घाईनं सांगायला लागले की चांगली आहे तोवरच काढायची, उशीर झाल्यावर काढून उपयोग नसतो. आई ऐकत नव्हती. ती बघत होती, अगदी सावकाश, एका फाट्यापासून दुसऱ्यापर्यंत, बाजारात कापड बघताना बघते तशी. पोरगा ट्रे धरून अवघडला. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, “झाका आता.”

घरी आल्यावर कुंदा शुद्धीवर होती, पण टोपलीच्या कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. पोटावरचे केस भादरलेले, मधे एक निळी रेघ. दुखण्याचे थेंब दिले, सुती फडक्यात गुंडाळून कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवली. कोथिंबिरीला तिनं नाक लावलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, काय खाते त्यापेक्षा लेंड्या पडतात का ते बघा, सकाळपर्यंत पडल्या पाहिजेत. ससा पाळणाऱ्याला लेंड्या म्हणजे झाडून झाडून जीव नको झालेली गोष्ट. त्या रात्री आम्ही चौघं त्यांची वाट बघत होतो. संध्याकाळी शून्य. दहाला शून्य. पातळ केलेलं खाद्य सिरिंजनं गालात सोडलं, अर्धं गिळलं, अर्धं टॉवेलवर. बाराला लेक टोपलीशेजारी वाकळ अंथरून झोपली, ठरल्याप्रमाणे. नवरा आत गेला. मी खुर्चीत बसले होते आणि डोळे मिटले की ट्रे दिसत होता, पण त्यात नेमकं कुणाचं काय आहे ते कळत नव्हतं.

पावणेतीनला आईनं मला हलवलं. तिच्या हातात बॅटरी होती, आणि एवढ्या कंबरेनं ती जमिनीवर मांडी घालून कशी बसली होती कोण जाणे. टॉवेलची एक कड तिनं उचलून धरली होती. कुंदा कोथिंबिरीची एक काडी तोंडात घेऊन अगदी हळू चावत होती, देठाकडून पानाकडे.

“मोज,” आई कुजबुजली. “मी दोनदा मोजल्या. पाच हायत.”

मी वाकून मोजल्या. सहा होत्या. एक तिच्या मागच्या पायाखाली होती.